जेनेटिक्स करून सार्वजनिक आरोग्याचं आणि मानवी हक्कांचं काम करता येतं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विदर्भातलं सरकारी मेडिकल कॉलेज, एमडी बालरोगचं शेवटचं वर्ष, वॉर्डात सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, मुलं कायम दाखल. अर्जेंटिनातल्या आज्यांना त्यांची पळवलेली नातवंडं शोधायला मदत करणाऱ्या एका जनुकतज्ज्ञाबद्दल तुम्ही वाचलंत आणि आपणही असं काही करावं असं वाटलं. सीनियर मात्र म्हणतात की जेनेटिक्स म्हणजे मोठ्या लॅबमध्ये बसून रिपोर्टवर सह्या करणं. समाजासाठी करायचं तर एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदवी) कर, हक्कांसाठी लढायचं तर संस्थेत जा. तिन्ही एकत्र जमतं का, आणि जमलं तर घर कशावर चालतं?

मी मेडिकल जेनेटिक्समध्ये बरीच वर्षं आहे. सरकारी आणि ट्रस्टच्या, दोन्ही प्रकारच्या हॉस्पिटलांत काम केलंय, आदिवासी भागातल्या तपासणी कार्यक्रमांतही असते. जमतं, पण या तिन्ही गोष्टी एकत्र मागणारी जागा कधी जाहिरातीत निघत नाही. म्हणून तीन पदव्यांची बेरीज कशी करावी याचा विचार मी बाजूला ठेवीन. जेनेटिक तपासणी कुणाला पडलेल्या प्रश्नासाठी होते, निकाल कुणाच्या हातात जातो आणि निकालानंतर त्या माणसाला काय मिळतं, या तीन गोष्टी जिथे ठरतात तिथे तुम्हाला बसायला मिळेल का, हे बघा. हक्कांचं काम तिथेच असतं. बहुतेक वेळा ते दिसायला अगदी कंटाळवाणं असतं.

ज्यांच्याबद्दल तुम्ही वाचलंत ते बहुधा व्हिक्टर पेंचासादे. त्यांची गोष्ट 'विज्ञानाने चमत्कार केला' अशा थाटात सांगितली जाते आणि त्यात आपल्या उपयोगाचा भाग गळतो. ते ब्युनोस आयर्सचे बालरोग आणि जनुकशास्त्राचे डॉक्टर. सार्वजनिक आरोग्याबद्दल आणि राजकारणाबद्दल उघड बोलणारे. १९७५ च्या अखेरीस सशस्त्र टोळीने त्यांना पळवून न्यायचा प्रयत्न केला, त्यातून ते वाचले आणि देश सोडून आधी व्हेनेझुएलात आणि मग न्यूयॉर्कला गेले. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, लष्कराने सत्ता घेतली. ती १९८३ पर्यंत राहिली. त्या काळात हजारो माणसं गायब झाली. त्यांत गरोदर बायका होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवायचं आणि बाळ लष्करातल्या किंवा पोलिसांतल्या एखाद्या कुटुंबाला देऊन टाकायचं, असं पद्धतशीरपणे झालं. अशी सुमारे ५०० मुलं असावीत असा या आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे. संघटना १९७७ ची, अबुएलास दे प्लासा दे मायो.

१९८२ मध्ये या संघटनेतल्या दोन आज्या, चिचा मारियानी आणि एस्तेला दे कार्लोतो, न्यूयॉर्कला पेंचासादेंना भेटल्या. पितृत्व ठरवायला रक्ताची तपासणी होते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, आईबाप दोघंही हयात नसतील, त्यांचं रक्त मिळणारच नसेल, तर आजीआजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का?

हा प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत निघालेला नव्हता, संशोधनाचा निधी देणाऱ्या कुठल्याही यादीत नव्हता. तो आज्यांचा होता. पेंचासादेंनी तो हसण्यावारी नेला नाही आणि मी एकटाच सोडवतो असंही म्हटलं नाही. त्यांनी आणि इतरांनी मिळून माणसं जोडली. त्यातून बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग या कामात आल्या. १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ जनुकाचा ठावठिकाणा १७ व्या गुणसूत्रावर दाखवणाऱ्या त्याच. १९८४ मध्ये तज्ज्ञांचं पथक अर्जेंटिनात गेलं. ब्युनोस आयर्सच्या दुरांद हॉस्पिटलमध्ये एचएलए टायपिंग (पेशींवरच्या आनुवंशिक खुणांचे प्रकार ओळखणं) होत होतंच, कारण ते अवयव प्रत्यारोपणासाठी लागतं. म्हणजे यंत्रणा जुनीच. नवं होतं ते गणित. मधली पिढी नाही, तर चारही आजीआजोबांच्या एचएलए प्रकारांवरून मधल्या जोडप्याकडे काय काय असू शकलं असतं ते मांडायचं, आणि या मुलाची जोडणी त्यात किती चपखल बसते, बाहेरच्या लोकसंख्येत ती किती दुर्मीळ आहे, याची शक्यता काढायची. एखादा आजोबा हयात नसेल तर काका, मावशी, आत्या घ्यायच्या. नीट माहिती असलेल्या कुटुंबात हे उत्तर ९९.९ टक्क्यांच्या घरात जातं. पुढे मायटोकॉन्ड्रियल डीएनए आल्यावर आईच्या बाजूची एकटी आजी किंवा मावशीसुद्धा पुरू लागली, कारण तो आईकडूनच उतरतो.

याहून मोठं काम मला १९८७ चं वाटतं. त्या वर्षी अर्जेंटिनाने कायदा करून राष्ट्रीय जनुकीय माहिती बँक उभी केली. आज्या म्हाताऱ्या होत होत्या, मुलं मोठी होत होती. एखादा तरुण पुढे कधीतरी 'मी कोण' म्हणून विचारत येईल तेव्हा आजी नसेल, पण तिचा नमुना असला पाहिजे. एस्तेला दे कार्लोतोंना त्यांचा नातू २०१४ मध्ये सापडला. चिचा मारियानी २०१८ मध्ये नात न सापडताच गेल्या, पण त्यांच्या घराण्याचा नमुना बँकेत आहे. आतापर्यंत १३० हून जास्त जणांची ओळख पटली आहे. एकेका कुटुंबाची केस सोडवून थांबायचं नाही, ती सोडवणारी सरकारी यंत्रणा कायद्याने उभी करायची. सार्वजनिक आरोग्याचं डोकं म्हणतात ते हे. हक्कांच्या बाजूनेही तसंच. १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम ८, म्हणजे मुलाला स्वतःची ओळख जपण्याचा हक्क, अर्जेंटिनाच्या आग्रहामुळे आलं आणि त्यामागे याच आज्या होत्या. भारतानेही १९९२ मध्ये तो करार मान्य केला. म्हणजे तो तुमच्या-माझ्या ओपीडीलाही लागू आहे.

आणि ही गोष्ट गुळगुळीत नाही, हेही बघा. सापडलेली काही मुलं तोवर सज्ञान झाली होती आणि 'मला तपासणी करायची नाही' म्हणाली. २००३ मध्ये अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने जबरदस्तीने रक्त काढायला नकार दिला. २००९ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने टूथब्रश, कपडे अशा वस्तूंवरून डीएनए काढणं ग्राह्य धरलं. आजीला सत्य कळण्याचा हक्क आणि नातवाला आपल्या शरीरावरचा हक्क, दोन्ही खरे. 'मानवी हक्क' म्हटलं की एक बाजू चांगली आणि एक वाईट अशी तुमची कल्पना असेल तर या शाखेत ती फार दिवस टिकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. तुमच्या वॉर्डातच येऊ.

सिकलसेल विदर्भात आहे हे निदान १९५८ पासून छापील वैद्यकीय साहित्यात आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा नागपूरचा अभ्यास त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आला होता. हा आजार चालवणारा जनुकबदल जगाला त्याच दशकात कळला. पण गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट इथे औषध आणि तपासणी पोचायला पुढची कित्येक दशकं गेली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. आदिवासीबहुल भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. पैसा आला, किट आली, कार्डं छापली. चांगलंच आहे. पण मोठा आकडा ठरला की खालच्या यंत्रणेचं लक्ष 'किती जणांची टेस्ट झाली' यावर जातं, आणि माझ्या मते हक्कांचे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

एका आश्रमशाळेत मी गेले तेव्हा तपासणीत एएस आणि एसएस निघालेल्या मुलांची नावं नोटीस बोर्डावर होती. कुणाचा वाईट हेतू नव्हता. मुलांनी गोळ्या घ्यायला यावं म्हणून गुरुजींनी लावली होती. एसएस म्हणजे आजार असलेलं मूल, पण एएस म्हणजे नुसता वाहक. त्याला गोळी लागत नाही, तो आजारी नाही. त्या यादीतल्या मुलींची लग्नं ठरताना पुढे काय होईल हे सांगायला जनुकशास्त्र लागत नाही. निकाल बंद पाकिटात, आईवडिलांच्या हातात, वाहक आणि आजारी यातला फरक समजावून द्यायचा, एवढा साधा नियम. तो कार्यक्रमाच्या लेखी सूचनांत घालून घ्यायला मला कितीतरी बैठका बसावं लागलं. याला मी हक्कांचं काम म्हणते. त्याचा कुठे फोटो येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. नंदुरबारच्या कित्येक पाड्यांवरून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. डिसेंबरात कॅम्प लावला तर गावात म्हातारे आणि लहान पोरं. गरोदर बाईची तपासणी झाली आणि ती एएस निघाली, तर लगेच नवऱ्याची करायला हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के. पण नवरा तीनशे किलोमीटरवर. तो येईपर्यंत कोरिऑनिक व्हिलसच्या तपासणीची (वारेचा नमुना घेऊन गर्भाचं निदान), म्हणजे ११ ते १४ आठवड्यांची खिडकी बंद झालेली असते. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळापुढे जाता येतं, पण आठवडे वाढले की निर्णयाचं ओझंही वाढतं, आणि ते त्या बाईच्या डोक्यावर असतं. कॅम्प ऑगस्टमध्ये घ्या, एवढं सांगायला एक जनुकतज्ज्ञ लागावा का? लागतो, कारण 'उशीर झाला तर कोणता पर्याय हातचा जातो' हे बैठकीत त्यालाच सांगता येतं.

आणि औषध. हायड्रॉक्सीयुरिया, सिकलसेलची दुखणी कमी करणारं. बारा किलोच्या पोराला किलोला २० मिलिग्रॅमच्या हिशेबाने २४० मिलिग्रॅम लागतं आणि केंद्रावर ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. आई ती उघडून अंदाजाने अर्धी करते. मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वेळेवर होत नाही, म्हणून मेडिकल ऑफिसर घाबरून औषधच थांबवतो. नव्याने आलेले जनुकतज्ज्ञ सीक्वेन्सिंग यंत्राबद्दल बोलतात तेव्हा मी त्यांना आधी कॅप्सूलबद्दल विचारते. उपचाराची सोय नसताना तपासणी करत सुटणं म्हणजे जेवणाची तयारी नसताना गावभर आमंत्रणं देणं. मिशनमध्ये 'निर्मूलन' आहे खरं, पण जन्मलेल्या एसएस मुलाला दुखण्यावाचून शाळा करता येते का, हे मी आधी मोजीन. नाहीतर 'ही मुलं जन्मालाच येऊ नयेत' एवढाच त्याचा अर्थ उरतो.

आपल्या शाखेच्या मागे महाराष्ट्रातलाच एक इतिहास आहे, तोही माहीत असू द्या. गर्भजलपरीक्षा भारतात आली ती जनुकीय दोष शोधायला, १९७० च्या दशकात. बघता बघता तिचा उपयोग मुलगी आहे का ते बघायला होऊ लागला. त्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटना आणि काही डॉक्टर उभे राहिले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहिला म्हणून सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ ची दुरुस्ती झाली. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे मुली ८०७. आज तुम्ही प्रसूतिपूर्व निदान करायला बसाल तेव्हा फॉर्म एफ (या कायद्याखालचा नोंदीचा सक्तीचा फॉर्म) भरताना वैताग येईल. मलाही येतो. पण ते कागद कशातून आले हे ठाऊक असलं की चिडून सही करत नाही माणूस. आपल्याच शाखेचं साधन इतक्या सहज मुलींविरुद्ध वळलं, हे विसरून पुढचं कुठलंही नवं साधन गावात नेऊ नये.

एक सावधगिरी नमुन्यांबाबत. आदिवासी भागात काम सुरू केलंत की कुणीतरी 'रक्त काढतोच आहात तर चार मिलि जास्त काढा, संशोधनाला होईल' म्हणणारच. अमेरिकेत ॲरिझोनात हावासुपाई जमातीकडून १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाच्या संशोधकांनी रक्त घेतलं आणि ते पुढे स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतराच्या अभ्यासांना वापरलं. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेले नमुने परत करावे लागले. संमती ज्या कामाची, नमुना त्याच कामाचा. जनुकीय भेदभावाविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेत तो २००८ पासून आहे, जरी जीवनविमा त्यातही येत नाही. कायदा नाही तोवर नमुना आणि निकाल जपणं हाच रुग्णाचा बचाव आहे. पितृत्वाच्या डीएनए चाचणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की नवराबायकोच्या भांडणात मुलाला उठसूट चाचणीला उभं करता येणार नाही. अशा निकालांची प्रत माझ्या टेबलाच्या खणात असते. तपासणी 'करून टाका हो डॉक्टर' म्हणत येणारे नातेवाईक कमी नाहीत.

आता व्यवहाराचं. इथे माझं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरी कर्ज आहे का, सरकारी सेवेचा बॉण्ड शिल्लक आहे का, लग्न झालंय का आणि जोडीदार कुठे नोकरी करतो, हे मला माहीत नाही.

डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) मेडिकल जेनेटिक्स तीन वर्षांचं. बालरोग, मेडिसिन किंवा स्त्रीरोग झालेल्यांना घेता येतं. प्रवेशपरीक्षा एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी नीट-एसएस. जागा मोजक्या आहेत. माझा सल्ला स्पष्ट आहे. आधी डीएम करा, एमपीएच नंतर. सीनियरांचं म्हणणं मी उलटं करते. हक्कांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ भेटतील. पण 'ही तपासणी इथे चुकीचा निकाल देईल आणि का' हे जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत सांगू शकणारा क्वचित असतो. आज्या पेंचासादेंकडे गेल्या त्या ते सज्जन होते म्हणून नव्हे, त्यांना जनुकशास्त्र येत होतं म्हणून. सज्जनपणामुळे पुढचं जमलं, ते वेगळं.

विभाग निवडताना रँकिंगपेक्षा ओपीडी बघा. कोणत्या आजाराचे रुग्ण येतात, समुपदेशनाला किती वेळ मिळतो, रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलतं का कुणी, विभागातलं कुणी राज्याच्या समितीवर आहे का. मुंबईत केईएम हे दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे आणि त्याच आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था आहे. हिमोग्लोबिनच्या आजारांचं काम बघायला तिथे महिनाभर जरूर जा. २०२१ च्या त्या धोरणात रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती संपल्यावर एन्झाइमच्या उपचारावर असलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न तिथल्या ओपीडीत तुम्हाला समोरासमोर भेटेल. तेवढ्यासाठीसुद्धा जा.

पोटाचं म्हणाल तर खाजगी लॅबचा पगार सरकारी सहयोगी प्राध्यापकापेक्षा ठळकपणे जास्त असतो, खोटं कशाला सांगू. मी ओळखते त्यांतले काही आठवड्याचे काही दिवस लॅबला देतात आणि उरलेले मिशनच्या किंवा ट्रस्टच्या कामाला. काही मेडिकल कॉलेजात आहेत, आणि माझ्या मते हीच जागा सगळ्यात ताकदीची, कारण जिल्ह्याचं पत्र तिथेच येतं, दिव्यांग प्रमाणपत्राच्या मंडळावर तिथूनच बोलावणं येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. पण क्रायसिस (तीव्र दुखण्याचा झटका) नसलेल्या दिवशी तपासलं तर मूल धडधाकट दिसतं आणि टक्के कमी पडतात. तिथे त्या मुलाची बाजू समजून सांगणारा डॉक्टर हवा. निव्वळ संस्थेत नोकरी घ्यायला मी सुरुवातीला सांगणार नाही. संस्थांबरोबर काम करा, पण निदान सुरुवातीची काही वर्षं पाय हॉस्पिटलात ठेवा. तिथला हात सुटला की दोन वर्षांत तुमचं मत जुनं होतं.

परीक्षेला अजून अवकाश असेल तर एक काम आत्ताच करून बघा. तुमच्या वॉर्डातून गेल्या सहा महिन्यांत डिस्चार्ज झालेल्या एसएस मुलांचे केस पेपर काढा. कितींना हायड्रॉक्सीयुरिया लिहिलं, पुढच्या महिन्याचं औषध त्यांनी कुठून घ्यायचं हे कागदावर आहे का, किती जणांच्या भावंडांची तपासणी झाली, आणि निकाल कुणाला सांगितला याची कुठे नोंद आहे का. नैतिक समितीची परवानगी आधी घ्या, नावं काढून टाका. आलेला तक्ता एचओडींपुढे ठेवा. त्यांनी तो बघून 'पुढे काय करू या' विचारलं, की फाइल बाजूला सरकवली, ते इथे लिहा. डीएमसाठी कुठे जायचं आणि त्याआधी एक वर्ष तिथेच थांबायचं का, हे मला त्यावरून जास्त नेमकं सांगता येईल.